मुक्ताच्या आईचं शब्दकोडं

शब्दकोडं पुन्हा सुरू करायचं, एवढाच पद्मजाचा बेत होता. तिला घर सोडायचं नव्हतं, निवडणुकीला उभं राहायचं नव्हतं, की कुणाला धडा शिकवायचा नव्हता. धडा पुढं शिकवला गेला तो ओघानं. आठवड्यातून एकदा दोन तास बसावं, चौकट आखावी, काही घरं काळी करावीत, उरलेल्यांत एकमेकांत अडकणारे शब्द बसवावेत आणि कागद ‘दैनिक खामतीर’च्या कचेरीत नेऊन द्यावा, इतकंच. मुक्ता होण्याआधी तीन वर्षं तिनं हेच केलं होतं. दर रविवारी पुरवणीच्या तिसऱ्या पानावर कोडं यायचं आणि खाली बारीक अक्षरांत ‘रचना : पद्मजा सिल्लोडकर’. औरंगाबादेत त्या नावाला थोडीफार ओळख होती. गुलमंडीवरच्या एका पुस्तकवाल्यानं एकदा ‘त्या कोड्यावाल्या बाई तुम्हीच का?’ असं विचारलं होतं, आणि ते वाक्य तिनं आठवडाभर पुरवून पुरवून मनात घोळवलं होतं.

बाळंतपणासाठी तिनं दोन महिन्यांची सुटी मागितली होती. त्याला आता पंधरा महिने झाले होते. तिच्या जागी ‘खामतीर’ मुंबईहून तयार येणारं कोडं छापत होतं. त्यात समुद्र असायचा, भरती-ओहोटी असायची, बोंबील असायचे. पाणचक्की, हिमरू, दौलताबादची सीताफळं, यांतलं काही नसायचं. मुक्ताला मांडीवर घेऊन पाजता पाजता पद्मजा ते कोडं सात मिनिटांत सोडवायची आणि उरलेला रविवार चिडलेली असायची.

पण खरी ठिणगी पडली ती एकविसाव्या आडव्या शब्दानं. सूचना होती : ‘हिला स्वतःसाठी काहीच नको असते. दोन अक्षरी.’ पद्मजानं क्षणभरही न थांबता ‘भिंत’ लिहिलं. मग उभा शब्द जुळेना. ‘ईशान्य’च्या जागी ‘तशान्य’ अशी कुठलीतरी नवीच दिशा निघू लागली. उत्तर ‘आई’ होतं.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मांडीवर मुक्ता होती, खांद्यावर ओकारी पुसायचा फडका होता, सकाळपासून केस विंचरलेले नव्हते, आणि तिला स्वतःसाठी निदान चौदा गोष्टी हव्या होत्या. त्यातली पहिली म्हणजे ही सूचना लिहिणारा माणूस हवा होता. समोर. पाच मिनिटं.

तो माणूस मुंबईत असल्यामुळं तिनं कागद फाडला. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला राशिभविष्य होतं आणि ते तिच्या नवऱ्यानं, हेमचंद्रनं, अजून वाचलेलं नव्हतं. त्या आठवड्यात जे घडलं ते भविष्य न वाचल्यामुळं, असं तो पुढं बरेच दिवस म्हणत असे. हेमचंद्र जमीनमोजणीच्या कचेरीत होता. सज्जन माणूस. बायकोवर त्यानं कधी आवाज चढवला नाही. आवाज चढवायचा तर आधी घरात काय चाललंय ते लक्षात यावं लागतं.

सोमवारी पद्मजा मुक्ताला कडेवर घेऊन ‘खामतीर’च्या कचेरीत गेली. पुरवणीचे संपादक तात्यासाहेब तपकिरीची डबी उघडून बसले होते. त्यांनी बारशाचे पेढे खाल्लेले असल्यामुळं नातं घट्ट होतं.

“या, या, मुक्ताची आई,” ते म्हणाले.

“मला कोडं परत सुरू करायचंय.”

“अहो, कशाला आता तो त्रास? लेकरू लहान आहे. हेच दिवस असतात.”

हे ‘हेच दिवस असतात’ पद्मजानं गेल्या वर्षात इतक्या जणांकडून ऐकलं होतं, की हे दिवस नेमके कुणाचे असतात याची एकदा चौकशी करावी असं तिला वाटू लागलं होतं. तिनं तसं न म्हणता पुन्हा तेच वाक्य म्हटलं. तात्यासाहेबांनी तपकीर ओढली, शिंकायची वाट पाहिली, शिंक आली नाही.

“मुंबईच्या कोड्याचा करार दिवाळीपर्यंत आहे. पण असं करू. बायकांच्या पानावर आपण या महिन्यात ‘मातृत्व आणि समतोल’ हा विषय घेतोय. त्यात एक छोटं कोडं चालेल. शब्द मी देतो. गुरुवारी दुपारी बारापर्यंत आणा.” आणि त्यांनी एका चिठ्ठीवर शब्द लिहून दिले : त्याग, ममता, अंगाई, समाधान, पाळणा, वात्सल्य. “यातला एकही सुटता कामा नये. बाकी तुमचं तुम्ही भरा.”

“आणि खाली नाव?”

“नाव घालू की. नावाशिवाय कसं?”

या वाक्यातल्या नाव या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगवेगळा घेतला, हे गुरुवारी कळलं.

उस्मानपुऱ्यात एका अंगणाभोवती चार बिऱ्हाडं, त्यातलं एक पद्मजाचं. अशा ठिकाणी दोन तास मिळवणं हे जमिनीचा फेरफार करून घेण्याइतकं सोपं असतं. म्हणजे प्रत्येक जण मदत करतो आणि काम होत नाही. मंगळवारी सकाळी हेमचंद्रनं कचेरीला जाताना अंगणात उभं राहून ‘आमच्या हिला आज निवांतपणा हवाय’ असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. दहा मिनिटांत निवांतपणा द्यायला माणसं जमली.

पहिल्या मनकर्णाबाई आल्या. शेती देवगाव रंगारीला, मुलगा इथं कंपनीत, म्हणून त्या इथं. मनानं सोन्यासारखी बाई. फक्त बोलणं थांबवायची कळ देवानं बसवलेली नव्हती.

“दे हिकडं लेकराला,” त्या म्हणाल्या. “तू लिव्ह बिनघोर. म्या बसते इथंच.”

इथंच म्हणजे टेबलापासून एका हातावर. पद्मजानं चौकट आखली. ‘त्याग’ लिहिलं.

“काय लिव्हलं?”

“त्याग.”

“व्हय. लई करावा लागतो. म्या चार लेकरं काढली, कधी म्हणून शब्दाच्या कोड्याला हात लावला नाय.” मग थोडं थांबून, “आता काय लिव्हलं?”

पाच मिनिटं मुक्ताशी बोबडं बोलून झाल्यावर त्यांना आपला भात चुलीवर असल्याची आठवण झाली. त्यांनी मुक्ताचा पटापटा मुका घेतला, ‘माझी बाई ती’ म्हणाल्या आणि तिला पद्मजाच्या मांडीवर, नेमकी चौकटीवर, ठेवून गेल्या. मुक्ता कागदावर बसली आणि तिनं ‘त्याग’ ओला केला.

दुसरी चौकट आखेपर्यंत वरच्या मजल्यावरचे काकासाहेब आले. निवृत्त अभिलेखपाल. ते पद्मजाचं कोडं दर रविवारी शाईनं सोडवत असत, पेन्सिलीला त्यांची हरकत होती. बगलेत वही होती.

“तुम्ही पुन्हा सुरुवात करताय हे ऐकून आनंद वाटला,” ते म्हणाले. “म्हणून म्हटलं, मागच्या चुका आधी डोळ्यांखालून घालाव्यात. एकूण एकशे बेचाळीस कोडी. चुका नऊ. पहिली चूक, सतरावं कोडं, ‘कवयित्री’ची वेलांटी.”

“ती छापखान्याची होती.”

“असेल. मी ती तुमच्या नावावर मांडली आहे.” आणि मग त्यांनी कोड्याची काळी घरं दोन्ही बाजूंना समतोल कशी असावीत यावर बोलायला सुरुवात केली. पद्मजाच्या एका बाजूला रडणारी मुक्ता, दुसऱ्या बाजूला उतू जाणारं दूध. काकासाहेब मधोमध उभे राहून समतोल समजावून सांगत होते. नऊ चुका वाचून व्हायला पाऊण तास लागला. पातेलं घासायला अर्धा. दुसरी चौकट सांडलेलं दूध पुसण्यात गेली.

बुधवारी मुक्तानं तिसऱ्या चौकटीचा कोपरा खाल्ला. ‘पाळणा’ पूर्ण आणि ‘वात्सल्य’ निम्मं तिच्या पोटात गेलं. पद्मजानं तिच्या तोंडात बोट घालून ‘वा’ तेवढा बाहेर काढला. मग चौथी चौकट आखली, ती मुक्ताचा हात पोचणार नाही अशी फळीवर उंच ठेवली, आणि संध्याकाळी हेमचंद्र कचेरीतून आला तो नेमका फळीला हात पोचेल एवढ्या उंचीचा होता. बाजारात जाताना त्यानं तो कागद घेतला, कारण त्यावर घरं आखलेली होती आणि मोजणीच्या माणसाला आखलेला कागद दिसला की भरल्याशिवाय राहवत नाही. परत आला तेव्हा चौकटीत उभं ‘तूरडाळ’ होतं, आडवं ‘रॉकेल’ होतं, आणि ‘ममता’च्या शेजारी ‘झाडू’.

“हा कागद तुमच्या बापाचा होता का?” पद्मजानं विचारलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. त्याच्या वडिलांचा उल्लेख तिनं असा पहिल्यांदाच केला.

हेमचंद्रनं कागदाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि त्याला मदत करावीशी वाटली. हा त्याचा स्वभावच होता.

“तुला शब्द हवेत का? मी देतो. हद्दनिशाणी. फेरफार. पोटखराबा.”

“काय?”

“पोटखराबा. लागवडीला नालायक जमीन. पण बायकांच्या पानाला चालेल. वाचकाला वाटेल बाळाच्या पोटाचं आहे.”

पद्मजा आत गेली. तिनं मुक्ताला त्याच्या मांडीवर ठेवलं, आतून कडी लावली आणि पाचवी चौकट आखली. बाहेर मुक्ता रडत होती आणि हेमचंद्र दाराशी येऊन दर दोन मिनिटांनी ‘रडतेय’ असं कळवत होता, जणू आत कुणी बहिरं बसलं होतं. तरीही कोडं झालं. सगळे सहा शब्द बसले. सूचनाही तिनं लिहिल्या, गोड, एका कप चहात चार चमचे साखर घातल्यासारख्या : ‘मातेच्या हृदयातील अमृत’, ‘बाळास निजविणारे गीत’. लिहिताना तिचे दात एकमेकांवर घासत होते. पण कोडं पहिल्यांदा छापून तर येऊ दे, असं तिनं ठरवलं होतं.

गुरुवारी साडेदहाला ती मुक्तासह कचेरीत पोचली. तात्यासाहेबांनी चौकट पाहिली, सहा शब्दांवर बोट टेकवून मोजदाद केली, खूश झाले, आणि कौतुकानं एक ओला ठसा तिच्यापुढं सरकवला. पानाच्या मथळ्याचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा कोरीव ठोकळा, तयार होऊन आला होता. वर पाळण्याचं चित्र, मध्ये ‘शब्दकोडे’, आणि त्याखाली झोकदार वळणाच्या अक्षरांत : ‘रचना : मुक्ताची आई’.

“हे काय?” पद्मजानं विचारलं.

“नाव. तुमचंच. वाचकांना जवळीक वाटते.”

“माझं नाव पद्मजा सिल्लोडकर आहे.”

“ते आहेच हो. पण आता ब्लॉक झाला. ब्लॉक बदलायचा म्हणजे जालन्याला पाठवावा लागतो, आणि त्यासाठी व्यवस्थापनाकडं ‘नावात बदल’ म्हणून अर्ज करावा लागतो.”

“नाव तुम्ही बदललंत. मी का अर्ज करू?”

“नियम आहे. अर्जासोबत पुरावा लागतो.”

“कसला?”

“तुम्हीच पद्मजा सिल्लोडकर असल्याचा.”

एकशे बेचाळीस कोडी ज्यांच्या टेबलावर ठेवली त्या माणसाकडं पद्मजानं पाहिलं. मग ती रिक्षा करून घरी गेली. रागात माणूस कपाटं उपसतो तसं तिनं कपाट उपसलं. शिधापत्रिका सापडली, तीवर ती ‘पदमाजा’ होती. दुसरा सरकारी कागद म्हणजे मुक्ताचा जन्मदाखला. दाखला लिहिणाऱ्या कारकुनाला घाई असावी. वडिलांच्या रकान्यात हेमचंद्रचं नाव वळणदार अक्षरात होतं आणि त्याखाली आईच्या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’. म्हणजे कागदोपत्री मुक्ताला हेमचंद्रनंच जन्म दिला होता, दोन्ही बाजूंनी. हा कागद तेरा महिने कपाटात होता आणि दोघांपैकी कुणी तो नीट वाचला नव्हता.

ती परत आली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. तात्यासाहेबांनी दोन्ही कागद पाहिले आणि प्रांजळपणे मान हलवली. “यावरून तर काहीच सिद्ध होत नाही,” ते म्हणाले. “जाऊ द्या ना. मुक्ताची आई काय वाईट आहे? जगातलं सगळ्यात मोठं पद आहे ते.”

पद्मजा बाहेरच्या बाकावर येऊन बसली. समोर जुळणीच्या खोलीत बद्रीनाथ उभ्यानं छपाईचे खिळे जुळवत होता, अक्षरामागून अक्षर. पांढऱ्या मिशा, नाकावर घसरलेला चष्मा, तीन वर्षं तिची कोडी त्यानंच लावलेली. त्यानं मुक्ताला हात पुढं केले, तिला उचलून जुन्या लाकडी ठोकळ्यांच्या ढिगाजवळ बसवलं आणि एक मोठा ‘क’ हातात दिला. मुक्ता ‘क’ चोखत गप्प झाली.

तेरा महिन्यांत पहिल्यांदा पद्मजाचे दोन्ही हात मोकळे होते आणि कुणी रडत नव्हतं. मांडीवर कोडं होतं. चौकट तीच, शब्द तेच, तात्यासाहेबांनी मोजून घेतलेले. तिनं गोड सूचनांचा कागद चुरगळला, एका रद्दी मुद्रिताची पाठ घेतली आणि लिहायला लागली.

‘त्याग’साठी तिनं लिहिलं : हा आईनं करावा असं घरातले सगळे सांगतात आणि स्वतः दुसरा चहासुद्धा सोडत नाहीत. ‘ममता’ : दुसऱ्याचं लेकरू पाच मिनिटं खेळवून परत देताना उतू जाते ती. ‘समाधान’ : बाळ झोपल्यावर आईला हे लाभतं, असं बाळ न सांभाळणारे सांगतात. ‘पाळणा’ : घरात आईखेरीज हलणारी एकमेव वस्तू. मग बाकीच्या शब्दांवर आली. ‘होडी’ होतं, तिथं : संसाराला हिची उपमा देणारे वल्ही बायकोच्या हातात ठेवतात. ‘वडील’ होतं, तिथं : बाळ रडू लागताच यांची झोप गाढ होते. ‘शेजारी’ : न विचारता उत्तर देतात ते. एका कोपऱ्यात चार घरं होती, त्यात आधीचा मवाळ शब्द खोडून तिनं ‘संपादक’ बसवला. बसला. सूचना : न वाचता सही करणारा.

चाळीस मिनिटांत ती एकदाही थांबली नाही. राग असा सरळ उतरत होता, की एरवी ज्याला दोन दिवस लागायचे ते एका बैठकीत झालं. शेवटचा पूर्णविराम दिला तेव्हा तिला भूक लागल्याचं कळलं, आणि आपण हसतोय हेही.

तात्यासाहेबांनी चौकटीवर नजर टाकली, सहा शब्द जागेवर असल्याची खात्री केली आणि सूचनांच्या कागदावर सही केली.

वाचलं फक्त बद्रीनाथनं. जुळणाऱ्याला वाचावंच लागतं. तो एकेक ओळ लावत गेला. चेहऱ्यावर काही नव्हतं, मिशी मात्र मधूनमधून हलत होती. सगळं लावून झाल्यावर तो म्हणाला, “बाई, खाली एक ओळ रिकामी राहायलीय. रिकामी सोडली तर पान खराब दिसतं. काहीतरी भरावं लागल.”

“मग?”

“नाव भरतो,” तो म्हणाला. “तुमचं.”

रविवारी सकाळी कोडं आलं. वर झोकदार ‘मुक्ताची आई’, खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘पद्मजा सिल्लोडकर’. नऊ वाजता काकासाहेब वही घेऊन खाली उतरले.

“दहावी चूक,” ते म्हणाले. “‘न विचारता उत्तर देतात.’ मी ‘जोतिषी’ लिहिलं. शेवटचं अक्षर जुळत नाही.”

“ते ‘शेजारी’ आहे.”

काकासाहेबांनी वहीत अक्षरं पडताळली. “असे शेजारी मी तरी पाहिले नाहीत,” ते म्हणाले. “शिवाय ‘देतात’मधून अर्थ नीट पोचत नाही, ‘देत बसतात’ हवं होतं. आणि तुम्ही काळी घरं डावीकडं एक जास्त ठेवली आहेत. शिवाय मुलीला बाहेर थंडीत ठेवू नका.” एवढं न विचारता सांगून ते वर गेले.

मनकर्णाबाईंनी मुलाकडून वाचून घेतलं होतं. त्या पदर तोंडाला लावून हसत आल्या. “ते ममताचं बेस लिव्हलं बघ. पलीकडच्या घरच्या बाईवर हाय ना? अगदी तश्शीच हाय ती. लेकरू घेती अन् टाकून जाती.” पद्मजा काही बोलायच्या आत त्यांना चुलीवरचा भात आठवला.

हेमचंद्र मात्र अंगणात खुर्ची टाकून शांतपणे कोडं सोडवत होता. बायकोचं कोडं पुन्हा छापून आलं याचा त्याला खराखुरा अभिमान वाटत होता. एका ठिकाणी तो अडला.

“‘बाळ रडू लागताच यांची झोप गाढ होते.’ तीन अक्षरी. पहिलं ‘व’, शेवटचं ‘ल’,” तो म्हणाला. “मी ‘वकील’ लिहिलं. पण वकिलाचा इथं काय संबंध?”

“उभा शब्द जुळतो का?” पद्मजा मुक्ताला भरवत होती.

“‘होकी’ येतंय. हॉकीला काही लोक होकी म्हणतात.”

“आणि संसाराला हॉकीची उपमा देतात?”

तो पुन्हा वाचू लागला. पद्मजा पाहत राहिली. आधी कपाळावर आठी आली. मग ती गेली. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं खोडरबर मागितलं, एक अक्षर पुसलं, एक लिहिलं आणि पेपराची घडी घातली.

“मी उठलो होतो एकदा,” तो म्हणाला.

“कधी?”

“डिसेंबरात.”

“पाणी प्यायला.”

दुपारी तो जेवला ते पाहुण्यासारखं, ताटाकडं बघत. पद्मजाला वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचा तिला पुन्हा राग आला. तेरा महिने वाईट वाटायचं तिच्याच वाट्याला होतं. एक रविवार त्यानं घेतला तर काय बिघडलं? तिनं कपाटातून तो दाखला काढला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला. ‘वरीलप्रमाणे’वर बोट ठेवलं.

हेमचंद्र कागदांचा माणूस. जे बोलून त्याला तेरा महिने कळलं नव्हतं ते रकान्यात पाहिल्यावर कळलं. त्यानं रकान्यावरून बोट फिरवलं. “ही तर सरळ सरळ चुकीची नोंद आहे,” तो हळू म्हणाला. “दुरुस्ती करून घेतली पाहिजे. मी जातो उद्या.”

“आणि बुधवारी?”

“बुधवारी काय?”

“बुधवारी दुपारी दोन तास मुक्ता तुमच्याकडं. अर्धी रजा टाका. दर बुधवारी.”

त्यानं दाखल्याकडं पाहिलं आणि मान डोलावली.

मंगळवारी तात्यासाहेबांचा निरोप आला म्हणून पद्मजा कचेरीत गेली. त्यांच्या टेबलावर पोस्टकार्डांचा ढीग होता. एरवी बायकांच्या पानाला पाचदहा पत्रं यायची, ही मोजायच्या पलीकडची होती. निम्म्यांत शिव्या होत्या, निम्म्यांत उत्तरं, आणि काहींत दोन्ही.

“तुम्ही मला तोंडघशी पाडलंत,” तात्यासाहेब म्हणाले. “पेपर चालवणाऱ्या आपल्या संस्थेच्या अध्यक्षांनी सकाळीच बोलावून विचारलं, ‘न वाचता सही करणारा’ म्हणजे कोण. मला लेखी खुलासा हवा.”

“शब्द तुमचेच आहेत,” पद्मजा म्हणाली. “त्याग, ममता, समाधान. एकही सुटलेला नाही. आणि सही तुमची आहे.”

तात्यासाहेबांनी डबी उघडली, बंद केली. “अध्यक्षांच्या पत्नीनं विचारलंय, पुढचं कधी आहे,” ते शेवटी म्हणाले, अगदी नाइलाजानं. “चालू ठेवा. पण जरा सौम्य.”

“सौम्य होणार नाही. दर बुधवारी इथं मला एक टेबल लागेल. आणि वरचं नाव काढायचं.”

“अहो, सांगितलं ना, ब्लॉक बदलायला जालन्याला...”

“बदलायला लागतं,” दारातून बद्रीनाथ म्हणाला. “कापायला नाय लागत.” त्यानं ब्लॉक उचलला, आत नेला, आणि करवतीचा आवाज येऊ लागला. तात्यासाहेब ऐकत राहिले. या कामाला अर्ज लागतो की नाही हे त्यांना आठवेना. थोड्या वेळानं बद्रीनाथनं ब्लॉक परत आणून ठेवला. पाळणा होता, ‘शब्दकोडे’ होतं, खाली काहीच नव्हतं. “आता ही जागा खिळ्यांनी भरंन,” तो म्हणाला.

बुधवारी पद्मजाला टेबल मिळालं, एक पाय आखूड असलेलं, जुळणीच्या खोलीच्या कोपऱ्यात. तिनं चौकट आखली आणि पेन्सिल हातात धरून बसली. कुणी हाक मारत नव्हतं. कुणी ‘काय लिव्हलं?’ विचारत नव्हतं. पहिला अर्धा तास तिनं कुठून रडण्याचा आवाज येतोय का ते ऐकण्यात घालवला. पुढचा पाव तास, आपण तो ऐकतोय म्हणून स्वतःवर चिडण्यात. एकही शब्द सुचेना. यासाठी आपण घरादाराशी भांडलो का, असं तिला वाटायला लागलं. मग, कसा कोण जाणे, ‘पोटखराबा’ आठवला. तिनं तो आडवा, मधोमध लिहिला. ‘ख’मधून ‘खलबत्ता’ खाली उतरला, ‘बा’मधून ‘बारादरी’, आणि मग शब्द एकामागून एक असे यायला लागले, की डोकं वर करायची सोय राहिली नाही.

डोकं वर केलं ते दारात सावली पडली म्हणून. हेमचंद्र उभा होता. सदऱ्याची बटणं एका घरानं चुकलेली, खांद्यावर मुक्ता, तिच्या गळ्यात लाळेरं म्हणून त्याचा हातरुमाल. उस्मानपुऱ्यापासून इथवर तो असाच आला होता.

“हिला भूक लागलीय,” तो म्हणाला. “खिमट करून ठेवलंय म्हणालीस, पण कुठं ठेवलंय?”

मुक्तानं आईला पाहून दोन्ही हात पुढं केले. पद्मजाचे हात आपोआप उठले, पेन्सिलीसकट. मग तिला पेन्सिल दिसली. घड्याळात अजून पंचवीस मिनिटं शिल्लक होती, आणि ती तिची होती. तिनं हात खाली घेतले.

“सहा अक्षरी आहे,” ती म्हणाली. “पहिलं अक्षर ‘स्व’.” आणि पुन्हा चौकटीत मान घातली.

हेमचंद्र दारातच थांबला. मुक्ताला एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताच्या बोटांवर तो मोजू लागला. ओठ हलत होते. एकदा सात झाली, एकदा आठ. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बद्रीनाथनं चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं.

“साहेब,” तो म्हणाला, “जोडाक्षराला घर एकच धरायचं.”